बोटं सरळ करू नका

"बोटं सरळ करू नका. ती खराब झालेली नाहीत." एवढंच लिहिलं होतं. दुपारच्या सुट्टीत, लाँड्रीच्या मागच्या दारापाशी उभ्या उभ्या चहा घेताना डागवालीने ते मोबाइलवर वाचलं आणि आधी तिला रागच आला. आठ दिवस कॉम्प्युटरवर खपून तिने तो जुना फोटो साफ केला होता. बुरशीचे ठिपके काढले होते, ओल सुकून उमटलेला पिवळा नकाशा पुसला होता, खुर्चीचा अर्धा गेलेला पाय पुन्हा उभा केला होता. खुर्चीच्या हातांवर ठेवलेली बोटं पाण्याने टोकाला फुगल्यासारखी दिसत होती, तीही एकेक करून छान निमुळती केली होती. गटातल्या बाकीच्यांनी वाहवा केली होती. आणि महिन्यातून एखादं वाक्य लिहिणारी ही नर्सबाई म्हणत होती, खराब झालेली नाहीत. मग काय झालेली आहेत? चहा कपातच निवला. आतून इस्त्रीच्या वाफेचा फुसकारा आला आणि कुणीतरी हाक मारली, "डागवाली, हा कोट बघ जरा, शाई आहे की ग्रीस?" ती आत गेली, कोटाची बाही नाकाशी नेली, नखाने हलकेच खरवडली, "शाई" म्हणाली आणि कामाला लागली. पण हात कोटावर आणि डोळ्यांपुढे दहा बोटं, असा तिचा बाकीचा दिवस गेला.

तिचं नाव लाँड्रीत कुणी घेत नसे. एकतीस वर्षं ती डाग काढायच्या टेबलापाशी उभी होती, तेव्हा मालकापासून गाडीवाल्यापर्यंत सगळ्यांची ती डागवाली. कपडा कसला, डाग कसला, किती जुना, आधी घरी कुणी त्याला लिंबू फासून वाट लावलीय का, हे तिला बघताक्षणी कळे. तिचा एकच हिशोब होता: कपडा आधीचा आणि डाग नंतरचा. नंतर आलेलं ते काढायचं, आधीचं होतं त्याला हात लावायचा नाही. मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हा जाण्याआधी तिने आईला कॉम्प्युटर शिकवला, एकटी पडायला नको म्हणून, आणि त्यातूनच डागवाली या मंडळींना येऊन मिळाली. पन्नासेक माणसं असतील. पुरात भिजलेले, वाळवीने खाल्लेले, आगीतून उरलेले घराघरांतले फोटो लोक पाठवत आणि ही माणसं फुकट ते दुरुस्त करून देत. एकमेकांना कुणी पाहिलेलं नव्हतं. तिने आपलं नाव डागवाली असंच लावलं होतं, कारण तिथे सगळेच धंद्याच्या नावाने होते. गट सुरू करणारे मास्तर आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांचा नियम पक्का: तीन जणांनी डोळ्यांखालून घातल्याशिवाय एकही फोटो घरी परत जायचा नाही. त्या नियमाची तिला सुरुवातीला धास्ती वाटली होती. पुढे तिला त्याचं व्यसनच लागलं. एका म्हातारबुवांच्या फोटोखाली शिंप्याने लिहिलं होतं, "कोटाची बटणं उलट्या बाजूला आहेत, पुरुषाचा कोट असा शिवत नाहीत, फोटो उलटा छापलाय." आणि खरंच, उलटवल्यावर मागच्या दुकानावरची पाटी वाचता आली. त्या रात्री ती जेवताना एकटीच हसत बसली होती. कुठला कोण शिंपी, आयुष्यभर गळे आणि काजं बघत बसलेला, आणि त्याच्या त्या बघण्याने एका घरातला आजोबा सुलटा झाला. माणसाला आपल्या कामातून केवढं दिसत असतं, असं तिला वाटे. तिला ही माणसं आवडायला लागली होती. खरं म्हणजे तिला त्यांचा अभिमान वाटायचा, आपली कुणीही नसताना.

म्हणूनच खोटं बोलल्याचं तिला जास्त लागत होतं. हा फोटो टाकताना तिने लिहिलं होतं, "एका बाईंनी पाठवलाय." पाठवला कुणीच नव्हता. तो तिच्याच कपाटात होता, मुलीच्या जुन्या वह्यांखाली, आणि भिंतीतल्या नळाने दगा दिला तेव्हा तो खालून भिजला. फोटोत सहा माणसं. आजोबा, आजी, वडील, काका, सोळा वर्षांची आत्या, सगळी उभी. आणि मधोमध, घरातल्या एकुलत्या एका खुर्चीत, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टाकून बसलेली नवी सून. डागवालीची आई. सासू उभी आणि सून बसलेली! हा फोटो निघाला त्याला छप्पन्न वर्षं होऊन गेली आणि तेवढीच वर्षं ते बसणं त्या घरात गाजत होतं. फोटोग्राफर म्हणाला, आजींना बसू द्या, तर ही उठलीच नाही म्हणे. आजीने तिथेच तिचं नाव महाराणी ठेवलं. महाराणी दळण आणायला जात नसे, पाण्याची बादली उचलत नसे, जिना चढायला तिला अर्धा तास लागे. महाराणीने दाराच्या कडीला दोरी बांधली होती आणि बसल्या जागेवरून दार उघडायची. महाराणीने काठीला खिळा वाकवून ठोकला होता, त्याने फळीवरचे डबे खाली ओढायची. हे सगळं आत्या अशा काही ठसक्यात सांगे, आवाज काढून, हात हलवून, की लग्नाकार्यात माणसं तिच्याभोवती कोंडाळं करून बसत. "आत्या, महाराणी सांग ना!" आणि आत्या सांगे. सगळे पोट धरून हसत. आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची ती डागवाली.

ते हसणं तिने लहानपणीच शिकून घेतलं होतं. ती सात वर्षांची असताना आई गेली, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, आणि पुढे आजीच्या हाताखाली ती वाढली. अभ्यासाला जरा मांडी घातली की आजी म्हणायची, "आईवर जाऊ नकोस." भाजी निवडायला टेकली की, "गेली आईवर." तेव्हापासून ती बसलीच नाही म्हटलं तरी चालेल. उभ्याने जेवली, उभ्याने बाळंतपणानंतरची कामं उरकली, लाँड्रीत मालकाने स्टूल आणून दिलं तर त्यावर तिने बाटल्या ठेवल्या. घोटे संध्याकाळी भरून येत, तेव्हा तिला आत कुठेतरी बरं वाटे, आजीला पावती दिल्यासारखं. आईची तिला आठवण होती ती थोडी आणि तीही नको तिथली. एका दुपारी बाहेर पडून गुडघा फुटला होता, ती रडत घरी आली, हात वर करून आईपुढे उभी राहिली. आई पलंगाच्या कडेला बसली होती. तिने उचललं नाही. म्हणाली, "तू वर ये. चढ. चढता येतं तुला." आणि ती चढली, भोकाड पसरून, पलंगाची चादर रक्ताने भरवत. शेजारच्या बायका मुलांना कडेवर घेऊन तासन्‌तास उभ्या असायच्या. हिला एक उचलवली नाही. आजीने सांगितलेलं बाकी सगळं खोटं निघालं असतं तरी हे एक खरं होतं, तिचं स्वतःचं, कुणी न सांगितलेलं. आईवर माया कमी पडली की ती हे आठवायची. आणि माया कमी पडतेय असं वाटायला लागलं की मुद्दामही आठवायची.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने मूळ फोटो मोठा करून पाहिला. डाग तिला ओळखता येतो. ओल कडेकडेने जाते, तिला काठ असतो. इथे काठ बोटांच्या खालून गेला होता. आजोबांच्या बुटांवर ओल होती, खुर्चीच्या पायावर होती, बोटांवर नव्हतीच. ती टोकं तशीच होती. टपोऱ्या थेंबांसारखी, नखं वर फुगून आलेली. तिने एकतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं होतं, कपडाच डाग समजून घासून टाकला होता. तिने लिहिलं, "मग हे काय आहे?" उत्तर लिहून आलं नाही. नर्सबाईंनी आपला नंबर दिला आणि खाली लिहिलं, "असलं लिहून सांगू नये."

फोन लावला तेव्हा पलीकडून आलेला आवाज अपेक्षेपेक्षा जाड होता आणि मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती. "थांबा हं, गॅस बंद करते," नर्सबाई म्हणाल्या आणि परत येऊन सरळ मुद्द्यावर आल्या. "हे बघा, फोटोवरून रोग सांगायचा नसतो, आणि मी डॉक्टर नाही. पण चाळीस वर्षांतली सव्वीस मी हृदयाच्या वॉर्डात काढली. अशी बोटं मी रोज धुतलीयेत, पुसलीयेत. जन्मापासून हृदयात दोष असला, रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, की वर्षानुवर्षांनी टोकं अशी होतात. फुफ्फुसाच्या दुखण्यातही होतात. ओठ कसे होते हो मूळ फोटोत? तुम्ही टाकलाय त्यात फिके दिसतात."

"गडद होते. मीच फिके केले."

"का?"

"रंगवलेले वाटत होते. म्हणजे, घरात तसंच म्हणायचे, ओठ रंगवून बसली होती म्हणून."

"कुणाच्या घरात?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "माझी आई आहे ती," डागवाली म्हणाली.

नर्सबाई म्हणाल्या, "बसलायत का तुम्ही? नसाल तर बसा आधी. आणि काय विचारायचंय ते विचारा, मला घाई नाही."

ती पलंगावर टेकली. विचारायचं खूप होतं आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "तिने मला कधी उचलून घेतलं नाही." आपण चौपन्न वर्षांच्या आहोत हे त्या वाक्याला ठाऊकच नसावं, असं ते निघालं. नर्सबाईंनी विचारलं, आई किती वर्षांची होऊन गेली, बाळंतपणं किती झाली. एकोणतीस. एकच. मी. "मग नीट ऐका," त्या म्हणाल्या. "माझा अंदाज चुकू शकतो. पण तो बरोबर असेल तर अशा बाईला आम्ही बजावून सांगायचो, मूल होऊ देऊ नका. बादली उचलणं सोडा, नऊ महिने पोटात वाढवणंच जिवावरचं असतं. आमच्याकडे देखरेखीखाली असलेल्या बायकासुद्धा दगावल्या. तुमची आई घरात राहून निभावून गेली आणि वर सात वर्षं काढली. मला विचाराल तर मी तिला सलाम करीन. आळशी माणसाला हे जमत नाही हो."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तशीच बसून राहिली. तिला दोरी आठवली. दाराच्या कडीची दोरी, तिचं टोक आईच्या पलंगाच्या दांडीला गुंडाळलेलं, आणि ती शाळेतून आली की दार तिने ढकलण्याआधीच उघडायचं. तिला वाटायचं, दाराला आपण आलेलं कळतं. तिला आठवलं, आईकडे सगळे बसायचे खेळ होते. भिंतीवर बोटांच्या सावल्या, दोऱ्याची जाळी, डोळे मिटून बटणं ओळखणं. हे इतकी वर्षं कुठे होतं? महाराणीच्या खाली गाडलं गेलं होतं का? आणि तो पलंग. पलंग बुटका होता. वडिलांनी सुताराकडून त्याचे पाय कापून घेतले होते, सात वर्षांच्याच काय, तीन वर्षांच्या मुलीलाही चढता येईल इतके. ते का, कुणाच्या सांगण्यावरून, वडिलांना काय ठाऊक होतं, हे विचारायला आता वडील नव्हते. चढता येतं तुला. आईने ते कोणत्या आवाजात म्हटलं होतं ते आठवायचा तिने प्रयत्न केला आणि आवाज काही केल्या येईना, फक्त शब्द येत राहिले.

पुढचे चार दिवस तिने केलेलं सगळं उलटं केलं. बोटं पुन्हा जाड केली, म्हणजे मूळची परत आणली. ओठ गडद केले. गटात तिने खरं काय ते लिहिलं, की ही माझी आई, मी खोटं बोलले, माफ करा. मास्तरांनी लिहिलं, "माफी कसली, आता नीट बघूया." आणि मग ती माणसं तिच्या आईकडे बघत राहिली. असं आजवर कुणीच तिच्या आईकडे बघितलं नव्हतं, असं तिला वाटलं. शिंप्याने लिहिलं, "ब्लाउजच्या गळ्याचं वरचं बटण उघडं आहे. काज ताणलेलं नाही, म्हणजे कपडा घट्ट नव्हता, मुद्दाम उघडं ठेवलंय. ते लावू नका." मास्तरांनी खांद्यांकडे बोट दाखवलं, की ही बाई खुर्चीत रेललेली नाही, हातांवर जोर देऊन स्वतःला वर धरून बसलीय, दंडाजवळची छाया पुसट करू नका, त्यातच सगळं बळ आहे. तिने ती छाया ठेवली. तिघांनी होकार दिल्यावर तिने फोटो छापून घेतला आणि रविवारी सकाळी आत्याकडे गेली.

आत्या मुलाच्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत असते. बहात्तरीची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. फोटो हातात घेऊन तिने लांब धरला, जवळ धरला. "अगो बाई, मी केवढीशी! आणि ही बघ, महाराणी. बसलीय कशी."

"आत्या, तिला बसायलाच लागत होतं," डागवाली म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. बोटं दाखवली. सांगताना आपला आवाज चढतोय हे तिला कळत होतं.

"म्हणजे आता मला कोर्टात उभी करणार का तू?" आत्या फणकारली. "सोळा वर्षांची होते मी. घरात म्हणायचे ते मी म्हणत होते." मग ती पुन्हा फोटोकडे वळली, आणि तिचा चेहरा हळूहळू असा होत गेला, जसा हिशोब बोटांवर मोजता मोजता चुकलेल्या माणसाचा होतो. "ओठ," ती म्हणाली. "त्या दिवशी फोटोग्राफर यायच्या आधी आमच्या आईने तिला ओठ पुसायला लावले. ओलं फडकं मीच आणून दिलं. तिने पुसले. रंग निघेना. मग आईने फडकं हातात घेतलं आणि स्वतः घासलं. तरी निघेना. आई म्हणाली, पक्का रंग लावलाय मेलीने. ती काही बोलली नाही गं. तोंड पुढे करून उभी राहिली नुसती." आत्याने फोटोतल्या ओठांवर बोट ठेवलं. "आणि मी हसले होते."

डागवालीच्या डोळ्यांपुढे ते फडकं आलं. पिळलेलं, ओलं, आणि स्वच्छ. त्याला काहीच लागलेलं नसणार. तिच्या टेबलावर असं कोरं फडकं परत आलं असतं तर तिने पहिल्या खेपेलाच हात थांबवला असता, आणि त्या घरात दोघी बायका ते बघत उभ्या होत्या. आत्याला विचारायचं म्हणून ठेवलेले कडक प्रश्न कुठे गेले ते तिला कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "सांगितलं का नसेल तिने?"

"सांगितलं असतं तर आमच्या आईने दुसऱ्या दिवशी माहेरी पोचवली असती. मी ओळखते ना आईला. आणि दादाचं दुसरं लग्न. मग तू कुठली व्हायला?" आत्या जरा वेळाने म्हणाली, "जिन्यात प्रत्येक वळणावर थांबायची. खिडकीशी. मला म्हणायची, ए, तो बघ कुत्रा कसा लंगडतोय. मी वाकून बघत राहायचे. कधी कुत्रा असायचा, कधी नसायचाच. मी म्हणायचे, कुठाय गं वहिनी? तर म्हणायची, गेला वाटतं, चल. मला वाटायचं, हिला रस्त्यावरच्या गमतींची भारी हौस. श्वास घेत होती पोरी ती. माझ्यासमोर श्वास घेत होती, आणि मला कुत्रे दाखवत होती."

आत्याने डोळे पुसले, पदार्थ जमला नाही की पसारा आवरायला घेते तशी सरळ झाली आणि म्हणाली, "वही आण. ती फोनशेजारची. लिहून घे." काय लिहायचं ते डागवालीला आधी कळेना. आत्या नावं सांगू लागली, म्हणजे नाती. थोरला भाचा. त्याची सासुरवाडी, त्याच्या लग्नात दोनदा सांगितलं होतं. शेजारची बाई, ती आता नाही, तिच्या मुलीचं लिही. माझ्या दोन्ही सुना. गाण्याच्या वर्गातल्या चौघी. "तुझ्या मुलीलाही मीच सांगितलंय ना? तिचंही लिही." यादी पानाच्या खाली गेली, उलटून मागे आली. मधेच आत्या म्हणाली, "केवढ्या लोकांना हसवलं गं मी," आणि हा हसवण्याचा नाही, कसलातरी वेगळाच आकडा असल्यासारखी गप्प झाली. ती यादी लिहिता लिहिता डागवालीला या म्हातारीबद्दल जे वाटलं ते तिने बरोबर आणलेलं नव्हतं. भांडायला आली होती ती. आणि इथे एक बाई बहात्तराव्या वर्षी आपला सगळ्यांत गाजलेला किस्सा स्वतःच्या हाताने मोडायला बसली होती.

पहिला फोन थोरल्याला लागला. आत्याने तो मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे गलका होता, पाहुणे असावेत. "आत्या! शंभर वर्षं आयुष्य तुला. आत्ताच म्हणत होतो, नव्या सूनबाईला महाराणी ऐकवायची राहिलीय. थांब, सगळ्यांना बोलावतो. सांग."

"सांगते," आत्या म्हणाली. तिने घसा साफ केला. हात हलवायला उचलले आणि परत मांडीवर ठेवले. पन्नास वर्षं ज्या जिभेवर तो किस्सा खेळला होता ती अडखळायला लागली. आधी दोरीचं सांगितलं, मग म्हणाली नाही, आधी बोटांचं, मग ओठ, मग पुन्हा मागे जाऊन जिना. कुत्रा भलत्याच ठिकाणी आला. पलीकडे सुरुवातीला सवयीने दोघंतिघं हसली, मग एकटंच कुणीतरी हसलं, मग ते हसणंही मधेच तुटलं. आत्या बोलत राहिली, डागवालीचा हात घट्ट धरून, आणि शेवट कुठे करायचा ते न कळल्यासारखी थांबली.

"ऐकतोयस ना रे?"

"ऐकतोय, आत्या."

"मग परत एकदा सांगते," आत्या म्हणाली. "हे मी पहिल्यांदाच सांगतेय, अजून नीट जमत नाही."